दोन बोल्ट

सुखदेव मिस्त्रीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या कपाळाचं कातडं सुटून भुवईवर लोंबत होतं. सकाळचे दहा वाजले असतील. सौंसरच्या बसस्टँडमागे आमच्या डॉक्टरांचा लहानसा दवाखाना, बाहेर बाकावर खोकलेवाले आणि लेकुरवाळ्या बाया. त्यांच्यामधून हा रक्तानं भिजलेला माणूस सरळ चालत आत आला आणि म्हणाला, "सिस्टर, हे थोडं शिवून द्या. गाडी जॅकवर सोडून आलो."

मी पांढुर्ण्याची. गोटमारीच्या जत्रेत दगडांनी फुटलेली डोकी बघतच वाढले, पुढं नर्स झाल्यावर ती शिवलीही. दगडाची जखम कशी दिसते आणि लोखंडाची कशी, हे मला कोणी सांगावं लागत नाही. ही लोखंडाची होती.

"काय लागलं?"

"पाना."

"कोणी मारला?"

तो टेबलावर आडवा झाला. "हक्काच्या माणसानं मारला. तुमी शिवा न."

भूल देते म्हटलं तर नको म्हणाला. नऊ टाके पडले. एकदाही त्यानं डोळे मिटले नाहीत, फक्त उजव्या हातानं टेबलाची कड अशी धरली होती की पत्रा वाजत होता. डॉक्टर पोलिसांचं बोलायला लागले तेव्हा तो उठूनच बसला. "साहेब, तक्रार करायची असती तं ठाण्यात गेलो असतो. इथं काहून आलो असतो?"

बाहेर त्याच्यासाठी एक माणूस थांबला होता. वाळकासा, पन्नाशीकडे झुकलेला, डावा डोळा गेलेला, पापणी आत ओढलेली. मांडीवर सुखदेवची पिशवी आणि चपला. सुखदेव बाहेर आल्यावर त्यानं चपला खाली ठेवल्या, त्याला कोपराशी धरलं आणि दोघं रस्त्यानं निघून गेले. आमच्या शोभाबाई फरशीवरचं रक्त पुसता पुसता म्हणाल्या, "हाच मारते, हाच आणते. देवाजी नाव हाय त्याचं. तिसऱ्या बारीले पाहून राहिली मी."

त्यानंतर चार वर्षं सुखदेव मिस्त्री माझ्या ओळखीचा राहिला. ओळख झाली ती माझ्या गाडीमुळं.

मी पांढुर्ण्याहून रोज येऊन-जाऊन नोकरी करायची. बसच्या कंटाळ्यानं एक जुनी गाडी घेतली होती. वर्षभरात तिच्या पॉवर स्टेअरिंगच्या पंपातून तेल गळायला लागलं. तेल भरावं, दोन दिवसांत खाली. वळताना गाडी डुकरासारखी ओरडायची. नवीन पंप त्या गाडीचा कुठं मिळत नव्हता. ज्याला विचारावं तो म्हणे, "सुखदेवकडे जा. पावर काढून देते."

बोरगावच्या रस्त्याला, गाव संपतं तिथं त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. आसपासच्या सगळ्या म्हाताऱ्या गाड्या तिथं यायच्या. संत्र्याच्या पेट्या वाहणाऱ्या, मजूर बाया तोडणीला नेणाऱ्या. पंप मेला की मालक म्हणायचा, पावर काढून टाक, हातानं चालवू. सुखदेव ते करायचा, म्हणून लोक त्याला 'पावरवाला' म्हणत.

ठेंगणा, मानेचा जाड, डाव्या कानानं कमी ऐकणारा. त्यामुळं ओरडून बोलायचा, आणि बोलताना कशावर तरी हात आपटल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं व्हायचं नाही. बोनेट, टायर, काही नसलं तर स्वतःची मांडी. चहा उभ्यानं, दोन घोटांत, उकळता. खुर्ची ठेवलेलीच नव्हती, गिऱ्हाइकालाही नाही. कोणी घाई केली की हातातलं हत्यार फेकायचा. एका कापडवाल्या शेठनं, "इतका वेळ कायले, पाइपात दोन बोल्ट ठोक न बे, झालं काम," असं म्हटल्यावर त्याला मानगुटीला धरून सुखदेवनं त्याचं तोंड जळक्या तेलाच्या घमेल्यात बुडवलं होतं. शेठ गुदमरायला आला तेव्हा देवाजीनं सोडवलं. हे मला खुद्द शेठच्या भावानं सांगितलं, आणि तरीही त्या घरच्या गाड्या सुखदेवकडेच यायच्या.

माझी गाडी त्यानं तीन दिवस ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी मला खाली वाकायला लावून सगळं दाखवलं. पंप काढला होता. त्याचा पट्टा काढून आखूड पट्टा चढवला होता. दोन चाकांच्या मधे एक लांबट डबा होता, त्याच्या दोन तोंडांना वाकवलेली नळी जोडली होती.

"हे पाहा सिस्टर. या डब्यात दट्ट्या हाय. चाक फिरवलं का थो सरकते. इकडे जे काही तेल, हवा हाय, ते तिकडे गेलं पाह्यजे. म्हणून नळी. पावर गेली तं गेली, वाट नाही गेली पाह्यजे."

"आणि बोल्ट मारले तर?"

त्याचा चेहरा एकदम बदलला. "बोल्टाचं नाव नोका काढू."

मग त्यानं मला शेजारच्या पडीक वावरात गाडी चालवायला लावली. स्टेअरिंग इतकं जड की पहिल्या वळणाला माझे खांदे भरून आले. तो गाडीसोबत धावत ओरडत होता, "उभ्या गाडीचं चाक फिरवू नोका! आधी सरकू द्या, मंग फिरवा! दोन्ही हात लावा!" तासभर त्यानं मला आठाचे आकडे काढायला लावले. मी रडकुंडीला आले तरी सोडलं नाही. "गाडी मी तवा देतो जवा मले दिसते का हे माणूस मरत नाही."

देवाजी बांधावर बसून बघत होता. तो गॅरेजात काहीच काम करायचा नाही. सकाळी यायचा, बसायचा, हत्यारं पुसायचा. सुखदेवशी बोलायचा नाही. फक्त कधीतरी, मधेच, काही कारण नसताना विचारायचा, "कवा सांगतं?"

सुखदेव म्हणायचा, "सांगतो."

ते काय, हे मला बराच काळ कळलं नाही.

कळलं ते एका जीपमुळं. मार्चमध्ये संत्र्याची तोडणी जोरात असते. मी गाडीचा ब्रेक दाखवायला गेले होते. दुपारी एक जीप आली. मागं बारा-तेरा बाया, डोक्याला फडकी, हातात डबे. मालकच चालवत होता, तरणा, काळा चष्मा लावलेला. म्हणाला, "मिस्त्री, चाक मधेच अडून राहिलं. थोडं फिरते, मंग जाम होते. पाहून दे पाच मिनिटात, बाया बगीच्यात सोडायच्या हायेत."

सुखदेव जीपखाली गेला. अर्ध्या मिनिटात बाहेर आला. भिंतीवरचा रबरी पाइप काढला आणि त्या मालकाच्या तोंडावर मारला.

चष्मा उडाला. दुसरा फटका मानेवर, तिसरा त्यानं आडव्या धरलेल्या हातांवर. तो खाली पडला तरी सुखदेव मारतच होता. पाइप हवेत शिटी वाजवत होता आणि प्रत्येक फटक्याला त्या पोराचा शर्ट फाटत होता. "कोनं ठोकले? कोनं ठोकले हे बोल्ट? बारा बाया! बारा बाया घेऊन चालला तू!" बाया किंचाळत उड्या मारून खाली उतरल्या. मी सुखदेवचा हात धरायला गेले तर त्यानं मला झटकलं, मी टायरवर जाऊन आदळले. त्यानं पाइप फेकून पोराचा गळा धरला. पोराचे पाय माती उकरायला लागले.

तेव्हा देवाजी उठला. घाई न करता चालत आला आणि सुखदेवच्या कानाखाली अशी ठेवून दिली की तो बाजूला कोलमडला.

"त्याले मारतं?" देवाजी म्हणाला. "त्याले? तू?"

सुखदेव गुडघ्यावर होता. ओठातून रक्त गळत होतं. आत्ता एकाचा जीव घ्यायला निघालेला हा माणूस मान खाली घालून बसला, आणि देवाजीनं दुसरी मारली तीही त्यानं घेतली. मग देवाजी जाऊन आपल्या जागी बसला.

त्या पोराला मी दवाखान्यात नेलं. एक बोट मोडलं होतं, पाठीवर वळ उठले होते. त्यानं तक्रार केली नाही. त्या बारा बायांनी त्याला करू दिली नाही, असं नंतर ऐकलं. जीपमधले दोन्ही बोल्ट सुखदेवनं त्याच दिवशी काढले आणि नळी जोडून दिली.

दोन दिवसांनी मी गाडी घ्यायला गेले. ब्रेक बघायला म्हणून तो माझ्याबरोबर बसला. बोरगावच्या अलीकडे नाल्यावर पुलिया आहे, रस्ता तिथं एकदम डावीकडे वळतो. तो म्हणाला, "थांबवा." मी थांबवली. तो उतरला नाही. समोर बघत, हात मांडीवर ठेवून, पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"इथं तीन बाया मेल्या, सिस्टर. दहा वर्षं झाली. जीपचा पंप गेलता. मालक म्हणे आजच्या आज दे, उद्या तोडणी हाय. नळी वाकवाले माझ्याजवळ नळी नोहोती. पांढुर्ण्याहून आणा लागत होती. म्या म्हटलं, एका दिवसाचा तं सवाल हाय. दोन बोल्ट ठोकले. अर्धं तेल आतच होतं. थोडं चाक फिरवलं तं फिरते, पुरं वळण आलं का तेल कोंडते. मले मालूम होतं. उद्या दुपारी करून देतो म्हटलं."

"आणि?"

"उद्या सकाळीच झालं. देवाजी चालवून राहिलता. बोरगावचाच माणूस, बाया बी त्याच्याच गावच्या. चाक अर्ध्यात अडलं, जीप सरळ नाल्यात. त्याच्या लहान्या भावाची बायको बी होती त्यात, गुलाबची. गाव धावत आलं. लोक म्हणे, पेलेला हाय. त्याले बाहीर ओढलं. मी जॅक, साखळी घेऊन आलतो जीप काढाले. म्या पाह्यलं न. लाता, काठ्या, मंग दगड. थो ओरडून राहिलता, चाक फिरलं नाही, चाक फिरलं नाही. कोणाचा दगड डोळ्यात गेला ते मालूम नाही. मी तिथंच उभा होतो, तुमच्या बोनेटाइतका जवळ."

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"मंग साखळी बांधाले जीपखाली गेलो. आन् बोल्ट काढून खिशात टाकले."

"तुम्ही काढले?"

"म्या लावले, म्याच काढले. तपासात काय भेटते मंग? नळ्या तुटल्या म्हणून लिहिलं. त्याले दोन वर्षांची सजा झाली. सुटून आला त्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो न् सांगितलं. त्यानं मले तिथंच पाडलं. तीन बरगड्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी गॅरेजात येऊन बसला. म्हणे, मले सांगून काय होते? माझ्या गावात सांग. माझ्या मायले सांग. ते मले दारात उभं करत नाही."

"मग काहून नाही सांगितलं?"

"माराले भेत नाही मी." त्यानं डॅशबोर्डवर मूठ आपटली. "पण त्या मायबायांच्या समोर जाऊन उभं राहाचं, त्याइच्या तोंडाकडे पाहाचं, ते होत नाही. चार वेळा निघालो. या पुलियापासून वापस गेलो."

मला त्याचा राग आला. त्याच्या कपाळावरचे माझ्या टाक्यांचे वण मला दिसत होते आणि मला वाटलं, देवाजीनं कमी मारलं. तसं मी म्हटलंही. तो म्हणाला, "हो." बस, एवढंच.

त्यानंतर मी गॅरेजात जाणं कमी केलं.

पुढच्या हिवाळ्यात देवाजीची आई गेली. बोरगावची बातमी दवाखान्यात सकाळीच आली होती. दुपारी बाराच्या सुमाराला एका बैलबंडीत घालून देवाजीला आणलं. बंडीवाला ओळखीचा नव्हता, रस्त्यात पडलेला दिसला म्हणून घेऊन आलेला.

तो आईला अग्नी द्यायला गेला होता. मोठा मुलगा तो. स्मशानाच्या वाटेवर धाकट्या भावानं, गुलाबनं, आणि भावकीनं त्याला अडवलं. तो हात जोडून म्हणाला, लांबून पाहू द्या. कोणीतरी ढकललं, तो पडला, आणि मग सरणासाठी आणलेल्या लाकडांनीच त्याला मारलं. डोक्याला खोक पडली होती, खांदा निखळला होता, उरलेला डोळा सुजून बंद झाला होता. मी रक्त पुसत होते तर तो सारखा विचारत होता, "डोळा हाय न सिस्टर? हाय न?"

"आहे. सूज आहे, उतरेल."

"मायचं तोंड नाही दिसलं," तो म्हणाला.

तेवढ्यात सुखदेव आला. कोणी सांगितलं माहीत नाही, हात तेलानं काळे तसेच. दारात उभा राहून त्यानं देवाजीकडे बघितलं. देवाजीला तो दिसत नव्हता, पण पावलं ओळखली असावीत. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. या वेळी त्यानं काही विचारलं नाही.

सुखदेव माझ्याकडे वळला. "सिस्टर, गाडी काढा. मी एकटा निघालो तं पुन्हा वापस येईन."

डॉक्टरांना सांगून मी निघाले. पुलिया आली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, "थांबवू नोका. मी म्हटलं तरी थांबवू नोका."

गुलाबच्या अंगणात माणसं परतून बसली होती. दारात कडुनिंबाचा डहाळा, पाण्याची बादली, ओले केस. सुखदेव सरळ मधे जाऊन उभा राहिला. डाव्या कानामुळं त्याला हळू बोलायची सवय नव्हती, तो ओरडूनच बोलला. "नाल्यात जीप गेलती तिचं चाक म्या जाम केलतं. देवाजी पेलेला नोहोता. दोन बोल्ट होते नळीत. म्या लावले. आन् तुमी त्याले मारून राहिलते तवा म्याच काढून नेले."

कोणाला आधी कळलंच नाही. गुलाब म्हणाला, "काय?"

सुखदेवनं सगळं पुन्हा सांगितलं. तेच शब्द, तेवढ्याच मोठ्यानं.

गुलाबनं पहिली लाथ पोटात मारली. मग सगळेच तुटून पडले. मी ओरडत होते, कोणाच्या पाठीला धरून ओढत होते, कोणी मला बाजूला ढकललं. बादली लवंडली, चिखल झाला, त्या चिखलात त्याला लोळवलं. ज्यानं आयुष्यभर लोकांवर हात उगारला तो माणूस हात छातीशी घेऊन पडला होता. कोणीतरी त्याच्या डोक्यावर पाय ठेवला. एक पोरगा कुदळ घेऊन धावला, ती मात्र गुलाबनंच धरली. मला वाटलं, आता हा मरतो, आणि मी याला माझ्या गाडीतून इथं आणलं.

"बाजूले व्हा!"

म्हातारी होती. कौसल्याबाई. नाल्यात तिची एकुलती एक मुलगी गेली होती, लग्नाला दोन महिने राहिले असताना. लोक बाजूला झाले. सुखदेव उठून बसला. नाकातून रक्त, एक दात ओठातून आरपार.

"कोण्या हातानं ठोकले?" तिनं विचारलं.

त्यानं उजवा हात पुढं केला.

"ठेव."

ओट्याच्या पायरीचा दगड होता. त्यानं त्यावर हात ठेवला, पंजा पसरून. ती आत गेली आणि वरवंटा घेऊन आली. मी म्हटलं, "आजी, नको." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. सुखदेवनंही नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

तिनं दोनदा मारला. पहिल्या घावाला त्याच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला. हात त्यानं तरी काढला नाही. दुसऱ्या घावाला हाडं मोडल्याचं मला चार हातांवरून ऐकू आलं. तिसऱ्यांदा तिनं वरवंटा उचलला आणि तो तिच्या हातातून गळून पडला. ती तिथंच पायरीवर बसली, त्याच्या शेजारी, आणि मोठ्यानं रडायला लागली. मुलीचं नाव घेऊन. अंगणात बाकी कोणी हललं नाही.

थोड्या वेळानं गुलाब म्हणाला, "म्हणजे थो पेलेला नोहोता?"

"नोहोता," सुखदेव म्हणाला.

"थो सांगत होता, चाक फिरलं नाही म्हणून." गुलाब स्वतःच्या हातांकडे बघत होता. "सांगत होता."

मी सुखदेवला गाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाला, "जॅक सुटला, हात खाली आला." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते, आणि तसं वागले नसते तर काय झालं असतं हेही कळत नाही.

संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, गुलाब आला. केस विस्कटलेले, खांद्यावर पंचा. देवाजीच्या खाटेपाशी बराच वेळ उभा राहिला. माफीबिफी काही नाही. खाली बसून त्यानं देवाजीच्या चपला शोधल्या आणि त्याच्या पायात घातल्या. "चाल घरी," तो म्हणाला. "दहावं तुलेच करा लागते. मोठा तू हायेस."

देवाजीनं हातानं त्याचं तोंड चाचपून पाहिलं. मग भावाच्या खांद्यावर हात टाकून उठला.

बाहेरच्या बाकावर सुखदेव बसला होता, हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. त्यांना येताना बघून उभा राहिला. देवाजी त्याच्यापाशी थांबला.

"सांगितलं?"

"सांगितलं."

देवाजीनं मान हलवली आणि तो गुलाबबरोबर पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर तो गॅरेजात आला नाही. देवाजी आणि सुखदेव पुन्हा भेटल्याचं मी ऐकलं नाही.

चार दिवसांनी सुखदेवनं ठाण्यात जाऊन बोल्टांचं बयान दिलं. पोलिसांनी आधी त्याला वेड्यात काढलं. इतक्या वर्षांनी, पुरावा नसताना, कोण असं सांगायला येतं! त्यानं हट्टानं लिहून घ्यायला लावलं. खटला उभा राहिला. हात बरा झाला, पण मूठ वळेना, पाना धरता येईना. गॅरेजाचे पत्रे कोणीतरी काढून नेले. तो बैतूलकडे बहिणीच्या घरी राहायला गेला, तारखेला तेवढा येतो असं कळायचं.

गेल्या थंडीत तो मला पांढुर्ण्याच्या स्टेशनवर दिसला. मी नणंदेला गाडीत बसवून परत निघाले होते. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, उन्हात, बाकावर बसला होता. बारीक झालेला, केस पांढरे. सौंसरची तारीख करून आला होता आणि परतीच्या गाडीची वाट बघत होता. मांडीवर रुमाल पसरून डाव्या हातानं संत्रं सोलत होता. उजव्या हाताचा नुसता तळवा टेकवून संत्रं दाबून धरायचा आणि डाव्या अंगठ्यानं साल उचकायचा. रस मनगटावरून कोपराकडे ओघळत होता. मी हात पुढं केला तर म्हणाला, "राहू द्या, होते."

"काय म्हणते कोर्ट?"

"पुढची तारीख." मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "देवाजी कसा हाय?"

"बराय. डोळा वाचला. बगीच्यात जातो, भावासोबत."

"घरी राहते?"

"घरीच."

"जेवाले?"

"मी गेले होते त्यांच्याकडे, पोळ्याला. सगळे सोबत बसले होते. त्यानंच मला वाढलं."

"घरात बसून? आतमधी?"

"आत. चुलीपाशी."

त्यानं मान हलवली. संत्र्याचं एक फाटकं, चेंगरलेलं अर्धुक माझ्यापुढं केलं. मी घेतलं. गाडी आली तेव्हा डाव्या हातानं दांडा धरून तो चढला, दारात वळला आणि गाडीच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "चुलीपाशी म्हणजे थंडी बी नाही लागत न?"

"नाही," मी ओरडले.

गाडी हलली. त्यानं काही तरी आणखी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही.